वर्षभराची पेपर वर्गणी: कुकर चांगला, पान तीन नासकं

सोलापुरातल्या एका दैनिकाची वार्षिक वर्गणी भरली होती, कुपनं चिकटवून कुकर मिळणारी. नाव लिहीत नाही.

अंक वेळेवर पडतो, पावसात पिशवीत घालून टाकतात. कुठल्या भागात पाणी कधी सुटणार, बाजारभाव, निधन वार्ता, सगळं चोख. कुकरची शिट्टीही नीट वाजते.

खोट आहे पान तीनवर. ‘पारधी टोळी जेरबंद’. खाली तीन कॉलमी फोटो: चार पोरं उकिडवी बसवलेली, तोंडाला बुरखे, मागं साहेब लोक ओळीनं उभे, पुढं टेबलावर मुद्देमाल. ‘संशयित’ हा शब्द शोधून सापडत नाही. त्याच पानावर पतसंस्थेतला अपहार. तिथं मात्र नुसतं ‘संचालकावर गुन्हा’. त्याची जात छापली नाही ते बरंच केलं, पण मग आमचीच का छापता?

कचेरीत जाऊन विचारलं. वार्ताहर पोरगा चांगला, चहा पाजला. म्हणाला, “दादा, पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सॲपवर येते. मथळा टाकायचा आणि लावायची.” म्हणजे पैसे आम्ही पेपरला देतो आणि वाचतो पोलीस ठाण्याचं.

माझे आजोबा इथल्याच सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या आत राहिले. हजेरी देऊन गिरणीत जायचे. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. डेस्कवर अजून निरोप पोचलेला दिसत नाही.

२०१९ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. फाशी सुनावलेली माणसं, सोळा वर्षं आत. प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली सरकारला. तेव्हाही घरी हाच पेपर यायचा. बातमी आली, आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, बिनफोटोची.

पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत लिहिलंय, की बदनामी होईल अशा ठिकाणी जातीचा उल्लेख टाळावा. त्याची झेरॉक्स संपादकांच्या नावानं देऊन पोच घेतली आहे. उत्तर नाही.

मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, म्हणून पेपर बंद करत नाही. वाटपाला ५ पैकी ४, कुकरला ४, पान तीनला भोपळा. तुमच्याकडेही हाच अंक येत असेल तर असे मथळे कापून तारखेसकट ठेवा, पुढची तक्रार सगळ्यांच्या सह्यांनी थेट कौन्सिलकडं करू.