जळगावच्या आयसीयूतल्या फिजिओ ताई आणि आमचे नाना

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. जळगावातलं खासगी हॉस्पिटल, मार्च महिना. आमचे नाना, वय ६७, गाव अमळनेर तालुक्यातलं. न्यूमोनिया झाला, इन्फेक्शन रक्तात गेलं, नऊ दिवस व्हेंटिलेटर. डॉक्टर चांगले होते. कॅन्टीनच्या शेवभाजीत शेव शोधावी लागते. हे दोन्ही विषय इथेच संपले. मला लिहायचंय ते बिलातल्या एका ओळीबद्दल: फिजिओथेरपी, १४ सेशन.

तिसऱ्या दिवशी काचेतून पाहिलं तर एक बारीक चणीची मुलगी नानांचा गुडघा वाकवत होती. नाना गुंगीच्या औषधात. माणूस राहतो की जातो ते ठाऊक नाही आणि ही कवायत घेतेय! बिल वाढवायचा धंदा, दुसरं काय. बाहेर आल्यावर तिला आवाज चढवून तसं बोललोही. ती चिडली नाही. म्हणाली, "दादा, प्लास्टर काढल्यावर हात कसा दिसतो पाहिलाय ना? बाबांचं अख्खं अंग आत्ता प्लास्टरमध्ये आहे."

रात्री भाचीला फोन लावला. ती नाशिकला फिजिओथेरपी शिकते. तिने सांगितलेलं मी औषधांच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, ते पान अजून आहे. २०१३ साली लंडनमध्ये आयसीयूतल्या रुग्णांची मांडी सोनोग्राफीने मोजली, तर दहा दिवसांत स्नायू जवळपास १८ टक्के बारीक झालेला. त्याआधी, २००९ साली, अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांची गुंगी रोज थोडा वेळ थांबवून सुरुवातीपासून हालचाल करून घेतली, त्यांच्यातले ५९ टक्के लोक सुटी होताना आपली अंघोळ, कपडे, चालणं आपलं आपण करत होते. बाकीच्यांत ३५ टक्के. मग भाचीच म्हणाली, "पण मामा, जास्त दामटूनही उपयोग नाही." २०२२ साली ७५० रुग्णांवर तपासलं, तेव्हा नेहमीपेक्षा जोरात हालचाल करवून फायदा दिसला नाही, उलट ठोके आणि बीपी बिघडायचे प्रसंग वाढले.

हे न दामटणं म्हणजे काय, ते सहाव्या दिवशी समोर पाहिलं. सकाळी गुंगीचं औषध कमी केलेलं. एका सिस्टरने तोंडातली नळी धरली, दुसरीने सलाईनच्या नळ्या आवरल्या आणि ताईंनी नानांना पाठीमागून आधार देत कॉटच्या कडेला बसवलं. पाय खाली लोंबकळत. आयुष्यभर कपाशीत चाललेले पाय, पण पोटऱ्या अशा की दोन बोटांत मावाव्यात. मान दोनदा पुढे पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती सावरून धरली आणि माझ्याकडे पाहिलं. ताईंची नजर मात्र मॉनिटरवर. ऑक्सिजन ९३, ९१, मग ८८ दिसला, तसं त्यांनी लगेच आडवं केलं. चार मिनिटं झाली असतील. "आज एवढंच," म्हणाल्या. माझा संशय तिथेच फिटला.

नळी निघाल्यावर वेगळंच सुरू झालं. नानांना वाटायचं आपण भुसावळ जंक्शनवर आहोत आणि मशीनची टिंगटिंग म्हणजे गाडीची सूचना. "मनी गाडी गई रे," म्हणून रडायचे. ताईंनी घरून चष्मा आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागवलं. रोज आधी वार, तारीख विचारायच्या, मग व्यायाम. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा नाना खाली बघून म्हणाले, "या पाय मना शेतस का?" म्हणजे, हे पाय माझे आहेत का? सिस्टरही हसल्या.

आता तक्रार. रविवारी फिजिओ येत नाही. व्हेंटिलेटरला रविवार नसतो, मग व्यायामाला का? दुसरी मोठी. डिस्चार्ज कार्डावर औषधांची दोन पानं आणि व्यायामाबद्दल फक्त "चालणे-फिरणे". किती, कसं, दम लागला तर काय, काही नाही. घरी आल्यावर नानांना ओट्याच्या दोन पायऱ्या चढवेनात. रात्री दचकून उठायचे. कपाशीचा हिशोब तोंडपाठ असलेला माणूस व्यापाऱ्याचा आकडा विसरायला लागला, आणि आम्ही त्यांच्यावर खेकसायचो. आयसीयूनंतर अंगासोबत झोप आणि डोकंही महिनोन्‌महिने रेंगाळतं, हे पुन्हा भाचीनेच सांगितलं. हॉस्पिटलने एक कागद दिला असता तर ते खेकसणं वाचलं असतं. शेवटी अमळनेरचा एक फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी बोलावला. तोही चांगला, पण वेळ पाळत नाही.

पाचपैकी चार तारे. आयसीयूतल्या कामाला पाचच दिले असते, एक त्या कार्डाचा कापला.

परवा पाचव्या महिन्याच्या तपासणीला गेलो. नाना मुद्दाम फिजिओच्या खोलीत शिरले. ताईंनी नमस्काराआधी खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला लावलं. पाच वेळा उठले. सहाव्यांदा बसूनच राहिले आणि पिशवीतून दादर ज्वारीच्या पिठाचा डबा काढून टेबलावर ठेवला.