जुन्या 486 वर सी: डीजेजीपीपी, मिनिक्स की नेटबीएसडी?

उदगीरच्या भाच्यानं बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या भंगारातून 486 (नव्वदीतला जुना पीसी) उचलून आणला. डीएक्स2 66 प्रोसेसर, 16 एमबी रॅम, 420 एमबीची हार्ड डिस्क. फोनवर पहिलाच सवाल: "मामा, ह्याच्यावर युनिक्ससारखं काही बसवून सी चालंल का?"

चालंल की. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि युनिक्स म्हणजे एका वेळी अनेक कामं चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. सीच्या खाली काय अंथरायचं, एवढाच घोळ आहे. लातुरात माझ्याकडच्या अशाच डब्यावर तीन प्रकार बसवून झालेत, त्यावरून सांगतो. कॉलेजात आपण सगळे ज्यावर शिकलो ते टर्बो सी यात धरलेलं नाही. त्याचं युनिक्सशी नातं नाही, आणि त्याचा इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) 16 बिटांचा. 32767 ओलांडलं की आकडा उणेत जातो.

सगळ्यात कमी कटकट डीजेजीपीपीची. डीजे डेलोरीनं 1989 मध्ये हे काम हाती घेतलं: जीसीसी (लिहिलेला सी प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर) डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणायचं, तेही 32 बिटांत. डॉस जागेवरच राहतो, पार्टिशनला हात लावावा लागत नाही. झिप फाइली एका फोल्डरमध्ये, आतली फोल्डरं जशीच्या तशी ठेवून उघडायच्या. मग ऑटोएक्झेकमध्ये (डॉस सुरू होताना वाचतो ती फाइल) दोन ओळी: एक पाथची, दुसरी डीजेजीपीपी नावाच्या व्हेरिएबलची. नवी आवृत्ती 16 एमबीत धापा टाकते, म्हणून जीसीसी 2.95 च्या काळातलीच घ्या. बायन्युटिल्सची झिप (असेंब्लर त्यातच असतो) बऱ्याच जणांकडून राहून जाते आणि मग 'एएस डॉट एक्सई सापडत नाही' अशी तक्रार येते. दोष कंपायलरचा नसतो, असेंब्लरच आणलेला नसतो. मशीन एसएक्स असेल, म्हणजे कोप्रोसेसर (दशांशाची गणितं करणारा भाग) नसेल, तर त्याची नक्कल करणारी एमु387 ही फाइलही लागते. बॅश, मेक, ग्रेप ही युनिक्सची हत्यारं, सगळं मिळतं. कॉनिओ हेडरसुद्धा यात आहे, त्यामुळे क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच वापरलेली कॉलेजची जर्नलं जवळपास तशीच चालतात. ग्राफिक्स हेडरवाली चालणार नाहीत.

मग अडतं कुठं? फोर्कवर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत उभी करणाऱ्या फंक्शनवर. प्रोग्रॅम बिनबोभाट कंपाइल होतो, पण चालवला की फोर्क दर वेळी उणे एक परत देतो. खाली डॉस आहे, एका वेळी एकच काम. दुसरी प्रोसेस आणणार कुठून? पाइपही (एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्यात सोडायची नळी) खरे नाहीत, आधी टेंपररी फाइल लिहायची आणि मग ती वाचायची, असा तो कारभार. युनिक्सची पाटी आहे, दुकान डॉसचंच.

मिनिक्सचं उलट आहे. ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम; अँड्र्यू टॅनेनबॉमनं 1987 मध्ये ती शिकवण्यासाठीच लिहिली. 486 साठी मी 2.0 ची मालिका घेतो. यातला कंपायलर जीसीसी नाही, ॲमस्टरडॅम कंपायलर किट आहे. अंगानं हलका, त्यामुळे चटपटीत. कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स सोबत असतो; एक ओळ बदलून अख्खा कर्नल नव्याने बांधायचा तर चहा होईतो काम उरकतं. फोर्क खरा, पाइप खरे. खोड मेमरीत आहे. व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली तर डिस्कची जोड) नाही, आणि स्टॅक व हीपसाठी (प्रोग्रॅम चालताना डेटा ठेवायच्या जागा) किती जागा ठेवायची ते प्रोग्रॅम चालण्याआधीच ठरलेलं असतं. मी एका फंक्शनात एक लाख इंटचा ॲरे घेतला, म्हणजे जवळपास 400 केबी, आणि प्रोग्रॅम उभा राहायच्या आत आडवा. 'सीएचमेम' या कमांडनं जागा वाढवून दिल्यावर गाडी रुळावर आली. फाइलचं नाव 14 अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. बाहेरचा सोर्स आणून बांधायला गेलात तर रोज काहीतरी दुरुस्त करत बसाल.

तो त्रास नेटबीएसडीवर, म्हणजे बीएसडी घराण्यातल्या फुकट युनिक्सवर, सगळ्यात कमी. 5.0 पासून त्यांनी 386 ला (486 च्या आधीचा प्रोसेसर) रजा दिली, 486 ला अडचण नाही. तरी 16 एमबीत नव्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. मी 2002 ची 1.6 घालतो. बसवताना 'कॉम्प' नावाचा संच निवडला की जीसीसी, हेडरं, लायब्ररी एकदमच येतात. एक्स विंडोचे संच सोडून द्या, 420 एमबीत मोकळं राहता येतं. रॅम संपली तर स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) धावून येतो, फक्त डिस्क करकरत राहते आणि माणसाला बसून राहावं लागतं. इंटरनेटला मात्र हे मशीन जोडू नका, इतक्या जुन्या सिस्टिमची भोकं जगाला माहीत आहेत.

आता लाइटचं बोलू, आपल्याकडं तो मुद्दा टाळून चालत नाही. मे महिन्यात एका दुपारी डीजेजीपीपीवर काम करताना लाइट गेली. आल्यावर फाइल दुरुस्त केली, मेक दिला (बदललेलं तेवढंच पुन्हा कंपाइल करणारी कमांड). म्हणतो, सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तासभर मी मेकफाइललाच शिव्या घातल्या. मग तारीख बघितली तर 1 जानेवारी 1980! बोर्डावरची बॅटरी मेलेली, घड्याळ मागं गेलेलं, त्यामुळे आत्ता लिहिलेला सोर्स जुन्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा (आधीच कंपाइल झालेली) म्हातारा ठरत होता. नेटबीएसडी अशा वेळी बूट होतानाच घड्याळ बिनसल्याचं बजावतं आणि डिस्कवर नोंदलेली शेवटची वेळ धरून पुढं जातं. दोन्ही युनिक्सांत लाइट गेल्यावर डिस्कची तपासणी करावी लागते, तेवढा वेळ द्यावा लागतो.

भाच्याला विचारलं, करायचं काय आहे नेमकं? म्हणाला, स्वतःचा छोटा शेल लिहायचाय. शेल म्हणजे कमांड घेऊन दुसरे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फोर्क आणि पाइप आलेच, डीजेजीपीपी तिथंच बाद. नुसती जुनी जर्नलं चालवायची असती तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. कर्नल उलगडून बघायचा असता तर मिनिक्स. शेलसाठी नेटबीएसडी घाल म्हटलं, पण त्याआधी कॅबिनेट उघडून बॅटरी बघ.

रात्री त्याचा फोटो आला. पिंपासारखी छोटी निळी बॅटरी बोर्डाला डाख दिलेली, आणि तिच्यातून उतरलेलं हिरवं पार कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत गेलेलं.

"मामा, आधी नेटबीएसडीची फ्लॉपी बनवू का?"

"आधी ती बॅटरी काप, अन् व्हिनेगरात बुडवलेल्या ब्रशनं ते हिरवं घास."