ईयोब १९ की दानीएल १२?

मावशीच्या स्मरण-प्रार्थनेत बायबलच्या जुन्या करारातलं काय वाचायचं, यावरून ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर आम्हा भावंडांची चांगलीच जुंपली.

दादाचं मत दानीएलाच्या पुस्तकातल्या १२:२ या वचनाला. मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, सरळ, स्वच्छ. पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, इतक्या उघडपणे जुन्या करारात क्वचितच येतं. पण त्याच वचनात काहींच्या वाट्याला कायमची अप्रतिष्ठाही आहे. रडवेल्या माणसांसमोर ते वाचायला जीभ रेटत नाही.

माझा कल ईयोबाकडे, सर्वस्व गमावलेल्या त्या नीतिमान माणसाच्या पुस्तकाकडे. ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ (१९:२५). मूळ हिब्रू शब्द ‘गोएल’: गरिबीपायी विकलेली जमीन सोडवून आणणारा जवळचा नातलग. बायबलमधल्या विधवा रूथच्या गोष्टीत तिच्या सासरची जमीन सोडवणारा बवाज तोच. काकांच्या आजारपणात मावशीने गहाण टाकलेल्या पाटल्या मामाने अशाच सोडवल्या होत्या, रुमालात बांधून आणल्या. (नंतर जन्मभर ऐकवलंही!) पुढच्या वचनाचं हिब्रू मात्र अवघड. ‘देहातून’ देवाला पाहीन की ‘देहाविना’, दोन्ही अर्थ निघतात. ख्रिस्ती वाचक तिथे पुनरुत्थान पाहतो तो मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या रिकाम्या कबरेपासून मागे वळून. पुरावा म्हणून दानीएल भक्कम, हे दादाला मान्य केलं.

वाचला मात्र ईयोबच.