फोल्डस्कोप : विज्ञान मंडळातल्या लहानग्यांसाठी कागदी सूक्ष्मदर्शक

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा घडीचा सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे 140 पट मोठी दाखवतो. तिसरी-चौथीची मुलं त्यावर तुटून पडतात, कारण तो आधी स्वतःच जोडायचा असतो. जोडणीला पूर्ण तास राखून ठेवा. भिंगाला बोट लागू देऊ नका. तेलकट डाग पडला की सगळं धुरकट दिसतं.

सुरुवात कांद्यानेच करा. पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर सपाट पसरायचा. पाण्याचा एक थेंब, आयोडीनचा एक छोटा थेंब आणि दोन-तीन मिनिटं धीर. झाकणकाच तिरकी टेकवून हळूच सोडायची. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं त्या काळ्या कडेच्या गोलांनाच पेशी समजतात. जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपा, नाहीतर ते भिंगाला लागतं. विटांसारख्या रचलेल्या पेशी आणि त्यातलं केंद्रक दिसल्यावर जो गलका होतो, तो खुशाल होऊ द्या.

खरी कसरत फोकसची. भिंग इवलंसं, त्यामुळे डोळा अगदी जवळ न्यावा लागतो. मुलं मात्र हातभर लांबून बघतात. उजेडासाठी खिडकीकडे तोंड करा, सूर्याकडे कधीच नाही. चुंबकाने मोबाइलही जोडता येतो, पण तो नंतर. आधी प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्याने पाहायला हवं. दोघांत एक फोल्डस्कोप असेल तरच घ्या; एकावर दहा जण म्हणजे निव्वळ रांग.