वनशॉट की स्लीप इंटरव्हल?

अंबड एमआयडीसीत पार्ट तपासायला यूएसबी कॅमेरे लावलेला छोटा कुबरनेटीस क्लस्टर (अनेक मशीनवर मिळून कंटेनर चालवणारी यंत्रणा) आहे असं धरा. कुठल्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, कोणतं हार्डवेअर, हे नोड फीचर डिस्कव्हरी या टूलचा वर्कर शोधतो आणि त्यावरून नोडला लेबलं लागतात. प्रश्न इतकाच: ही तपासणी एकदाच करायची (वनशॉट) की ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा (स्लीप इंटरव्हल)?

वनशॉट फ्लॅग दिला की वर्कर एकदाच तपासणी करून बंद होतो. मेमरी अडकत नाही, मामला खतम. पण हा फ्लॅग डेमनसेटमध्ये, म्हणजे प्रत्येक नोडवर एक पॉड (कंटेनर चालवणारं एकक) कायम चालू ठेवणाऱ्या सेटअपमध्ये, टाकू नका. तिथे पॉड संपला की कुबरनेटीस तो परत उठवतं, पुन्हा संपतो, आणि थोड्या वेळात क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे परत उठवण्याआधी कुबरनेटीस थांबून राहतं. वनशॉटची जागा जॉबमध्ये, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या कामात.

स्लीप इंटरव्हल, म्हणजे दोन तपासण्यांमधला वेळ, कॉन्फिग फाइलच्या कोअर भागात असतो, डिफॉल्ट 60 सेकंद. दुपारी कुणी कॅमेरा उपटून शेजारच्या नोडला लावला, तर पुढच्या फेरीत वर्करला ते कळतं. जॉबला पत्ताच लागत नाही. शून्य दिलं तर पुन्हा तपासणी होत नाही, पण पॉड जिवंत राहतो.

कॅमेरे हलते असतील तर माझं मत सरळ स्लीप इंटरव्हलला, 60 सेकंद घाईचे वाटले तर वाढवा. सीपीयूपुरतंच काम असेल तर वनशॉट पुरे. आधी नुसतं बघायचंय? नो-पब्लिश फ्लॅग जोडा, म्हणजे काहीच बाहेर पाठवलं जात नाही.