उघडणारं छप्पर आणि गेलेले तीन लाख साठ हजार

मे महिन्यातली रात्र, तोंडवळीचं सुरूचं बन, वेळ अडीचच्या सुमाराची. गाडीच्या उघडणाऱ्या छपराखाली आम्ही तिघं झोपलो होतो. मुलीने हाक मारली, "बाबा, छत खाली येतंय." मला वाटलं झोपेत बडबडतेय. डोळे उघडले तर झोपताना हातभर उंच असलेलं छप्पर नाकापासून वीतभर अंतरावर आलेलं. संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली होती, बाजूचं कापड भिजून जड झालं होतं आणि छप्पर तोलून धरणारे दोन्हीकडचे गॅसचे शॉकर मुंगीच्या पावलाने आत जात होते. बायकोने दोन्ही हातांनी छप्पर पेललं, मी उतरून मागून एका वाश्याचा टेकू लावला. उरलेली रात्र तिघांनी पुढच्या सीटवर बसून काढली. पहाटे बायको एवढंच म्हणाली, "अहो, आपल्या मांगराचं छप्पर बरं. नळा पडला तर एकच पडतो." मांगर म्हणजे बागेतली कौलारू खोली, नळा म्हणजे कौल.

गाडी म्हणजे सेकंडहँड गुरखा, तीन दरवाज्यांची, फोर बाय फोर. देवगडकडे आमची कलमं आहेत, सड्यावरच्या वाटा खराब, म्हणून घेतली. मग डोक्यात किडा शिरला की छप्पर कापून त्यावर उघडतं छप्पर बसवावं. चालवताना गाडीची उंची जेमतेम वाढते. थांबल्यावर खटके काढायचे, मागून वर ढकलायचं, पुढच्या बिजागरीवर छप्पर तिरकं उभं राहतं, बाजूला कापडी भिंती आणि वर झोपायची जागा. कल्पना नवी नाही. जर्मनीतली वेस्टफालिया कंपनी फोक्सवॅगनच्या व्हॅनचे कॅम्पर १९५१ पासून करायला लागली, उघडतं छप्पर त्यात पुढे आलं. विजयदुर्गपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जायचं, हॉटेल शोधायचं नाही, एवढंच स्वप्न होतं.

ज्याने हे काम घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. त्याला इथे 'साहेब' म्हणतो, कारण पहिले चार महिने मी त्याला तसंच म्हणत होतो. महामार्गालगत शेड, आत वातानुकूलित केबिन, भिंतीवर मोठा स्क्रीन. त्या स्क्रीनवर त्याने माझी गाडी दाखवली, अगदी माझ्याच रंगाची, समुद्राकाठी, छप्पर उघडलेलं, आत पिवळा दिवा. मी तिथेच गार झालो. मुलगी सोबत होती, ती म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग डावीकडे आहे." साहेब हसले. सॉफ्टवेअरमध्ये चित्र उलटं झालंय म्हणाले. मीही हसलो. चित्र उलटं झालं असतं तर मागची नंबरप्लेटही उलटी दिसली असती, ती सरळ होती. कुठल्या तरी परदेशी गाडीचा फोटो घेऊन त्यावर माझा रंग चढवला होता. चौदा वर्षांच्या मुलीला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं.

ड्रॉइंगच्या नावाखाली मला मिळालं ते हे चित्र आणि एका पानावर वरून काढलेला आराखडा. त्यात पलंगाची लांबी सहा फूट दोन इंच. माझी उंची पाच फूट नऊ. छान. हे माप छपराच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं होतं, हे मला गाडी हातात आल्यावर कळलं. दोन्ही बाजूंची जाडी, पुढची बिजागरीची पट्टी, मागचं रबर आणि घडी घातलेलं कापड वजा जाता आत उरले पाच फूट पाच. त्यात बिजागरीकडे छप्पर इतकं उतरतं की पाय सरळ उभे राहत नाहीत. गाडी उभी कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग मागितलं असतं, गादीवर झोपलेला माणूस त्यात काढायला सांगितला असता, तर हे पाच मिनिटांत उघड झालं असतं. घर बांधताना मी गवंड्याकडून जोत्याचा छेद काढून घेतला होता. इथे पिवळ्या दिव्याला भुललो.

ठरलेली रक्कम चार लाख ऐंशी हजार. दीड लाख बुकिंगला, बँकेतून. एक लाख वीस हजार 'मोल्ड तयार' म्हणून, तेही रोख, कारण "जीएसटी वाचेल". नव्वद हजार 'छप्पर तयार' म्हणून, परत बँकेतून. मोल्ड, म्हणजे छपराचा साचा, मी कधी पाहिला नाही. फोटो आला होता, तो आता नीट पाहिला तर मागे भिंतीवर गुजराती अक्षरं आहेत.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं: पीव्हीसी फोमचा गाभा, दोन्ही बाजूंनी फायबर, वजन ४२ किलो, सगळे नटबोल्ट आणि बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या, छप्पर कापल्यावर आतून स्टीलची चौकट, आणि सहा महिन्यांत आरटीओ पासिंग. एकेक करून यातलं सगळंच खोटं निघालं. वजनापासून सांगतो, कारण त्या रात्रीचं कारण तेच होतं.

तोंडवळीहून परतल्यावर चौघांनी मिळून छप्पर उतरवलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. ७१ किलो. आता हिशेब बघा, अवघड नाही. बिजागरीपासून छपराचा तोल साधारण १.१ मीटरवर. ७१ किलो म्हणजे जवळपास ७०० न्यूटन, गुणिले १.१, म्हणजे ७६६ च्या आसपास. शॉकर बिजागरीपासून ०.४५ मीटरच्या लंब अंतरावर जोर लावत होते, आणि ते दोन. म्हणजे बंद छपराला प्रत्येकी सुमारे ८५० न्यूटनचा शॉकर हवा. डिकीच्या शॉकरवर आकडा आणि पुढे 'एन' छापलेला असतो. माझ्या दोन्हींवर ५०० होतं. ४२ किलो धरून तोच हिशेब केला तर उत्तर ५०३ येतं. म्हणजे कोणीतरी कधीतरी, कुठल्या तरी दुसऱ्या छपरासाठी, बरोबर गणित केलं होतं. साहेबांनी ते उचललं, छप्पर मात्र वेगळंच बनवलं.

मग ४२ चे ७१ कसे झाले? हे मला कळेना, म्हणून देवगड बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक तात्या आहेत, त्यांना दाखवलं. तात्यांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि छपरावर टकटक करत चालले. "झिला, हयसर कान लाव." एका ठिकाणी टण् आवाज, हातभर पुढे थब्ब. पुन्हा टण्, पुन्हा थब्ब. जिथे थब्ब वाजतं तिथे वरचा थर आतल्या गाभ्याला चिकटलेलाच नाही. त्यांनी खडूने त्या जागा गोल केल्या. छप्पर देवी आल्यासारखं दिसायला लागलं. मग ड्रिलला होल-सॉ लावून दोन इंचांची एक चकती कापून काढली. वरून तीन मिलिमीटर निव्वळ पुट्टी, गाडीच्या डेंटवर लावतात ती. त्याखाली कुठे जाड कुठे पातळ फायबरची मॅट, तिला घट्ट करणारं रेझिन नुसतं ओतलेलं. त्याखाली तपकिरी पॅकिंग टेप. आणि टेपच्या आत पांढरे मणी, थर्माकोल.

टेप का, ते तात्यांनी सांगितलं. होड्यांना वापरतात ते पॉलिस्टर रेझिन थर्माकोलला खातं, साखर पाण्यात विरघळावी तसं. पीव्हीसी फोमला काही होत नाही, पण तो महाग. म्हणून थर्माकोलच्या पाट्या टेपमध्ये गुंडाळल्या, म्हणजे रेझिन आत शिरायला नको. पण टेपला रेझिन धरतही नाही. वरचा आणि खालचा थर असे सुटे राहिले, ताकद आली नाही, ती आणायला आणखी रेझिन, आणि उंचसखलपणा झाकायला पुट्टी. मध्ये कुठेतरी लोखंडी पाइपही घातला होता. तात्यांनी चकती माझ्या हातात ठेवली. "ह्या फायबर नाय, पापड आसा. होडयेचा असला काम मी केलंय तर बंदरात माका कोणी उभो करूचो नाय."

त्यांनी एक गोष्ट आणखी सांगितली, ती मात्र सगळ्यांनी डोक्यात ठेवावी. काम चालू असताना जायचं आणि गाभा उघडा असताना हातात घ्यायचा. कारागीर ज्या रेझिनने काम करतोय त्यातलं थोडं त्या तुकड्यावर ओतायला लावायचं. फसफसून खड्डा पडला की उठून यायचं. मी दोनदा शेडवर गेलो होतो. दोन्ही वेळा केबिनमध्ये चहा मिळाला. "आत स्टायरीनचा वास आहे, डोळे चुरचुरतील." रेझिनचा तो वास खराच असतो, म्हणून मला खरं वाटलं.

स्टेनलेसची गंमत तर मी स्वतः बघितली आणि तरी फसलो. साहेबांनी लोहचुंबक काढून बोल्टला लावला. चिकटला नाही. "बघा, ३१६." वस्तुस्थिती अशी की ३०४ लाही लोहचुंबक चिकटत नाही, आणि बाजारात मिळणारं स्वस्त २०२ आहे त्यालाही सहसा नाही. चुंबक न चिकटणं म्हणजे फार तर साधं लोखंड नाही, एवढंच. ३१६ मध्ये दोनतीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं, आणि ते चुंबकाने कळत नाही. माझ्या बोल्टांवर पाच आठवड्यांत चहाच्या डागांसारखे तांबूस ओघळ उतरले. शिवाय अॅल्युमिनियमची पट्टी सरळ गाडीच्या लोखंडी पत्र्यावर ठोकलेली, मध्ये रबर नाही की सीलंट नाही. खारं पाणी, अॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आले की आपोआप बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. पट्टीच्या कडेला पांढरी पूड दिसली तेव्हा आईला वाटलं मीठ सांडलंय.

स्टीलची चौकट नव्हतीच. गाडीच्या छताखाली आडव्या तुळया असतात, त्या पत्र्याबरोबर कापून टाकल्या आणि कडेला रबर लावून मोकळे झाले. हे मला छताकडे बघून कळलं नाही, दरवाज्यामुळे कळलं. गाडी ताब्यात आल्यापासून ड्रायव्हरचा दरवाजा दोनदा आपटावा लागत होता. एक चाक दगडावर चढवलं की दरवाज्याच्या वरच्या फटीत बोट जायचं, गाडी सपाट झाली की फट मिटायची. बाकीचं राहू दे, गाडी उलटली असती तर काय, हा विचार मी रात्री करत नाही.

आता आरटीओ. ह्यात माझाही दोष आहे, तो लपवत नाही. साहेब म्हणाले होते, "सरकारचं कॅराव्हॅन धोरण आलंय, आता सगळं चालतं." महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं, हे खरं. पण ते पर्यटनासाठी आहे; मालकाने आपल्या गाडीचं छत कापावं अशी परवानगी त्यात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा मालकाला. म्हणजे मला, साहेबांना नव्हे. विम्याचंही तसंच, कळवल्याशिवाय असा बदल केला तर अपघातानंतर कंपनी हात वर करायला मोकळी. हे सगळं छप्पर कापण्याआधी अर्धा दिवस खर्च करून विचारता आलं असतं. एमएच-०७ च्या कार्यालयात मी गेलो तो छप्पर कापल्यावर. खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होतं तसं करून आणा, मग बोलू."

साहेबांना फोन केला तर आधी "पाऊस संपू दे, बघतो," मग "तुम्ही ओव्हरलोड केलं," मग "तात्या कोण, इंजिनिअर आहेत का?" गणपतीनंतर फोन लागेनासा झाला. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला म्हणून अर्ज घेऊन ठेवला. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथे रोख दिलेले एक लाख वीस हजार सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नाही. जीएसटी वाचला, खरं आहे. दाव्यात दोन लाख चाळीस हजारच धरले आहेत.

भंगारात निघालेल्या तशाच गाडीचं छत मिळवून, तुळयांसकट बदलून घेतलं. त्याचे पासष्ट हजार वेगळे. दरवाजा आता एका आपटण्यात बसतो.

ते ७१ किलोचं छप्पर खळ्यात उलटं पडलंय. पुरावा आहे, हलवू नका, असं ओळखीच्या वकिलांनी बजावलंय. एप्रिलपासून बायको त्यात जुनं लुगडं अंथरून कोकमाची सोलं सुकवते, आणि आयोगाची तारीख जवळ आली की काढून, धुऊन, पुसून ठेवते.