स्टीम डेक २ साठी थांबायचं की आहे ते घ्यायचं? खानदेशी उन्हाचा हिशेब धरून

स्टीम डेक म्हणजे हातात धरून पीसीचे गेम खेळायचं व्हॉल्व्ह कंपनीचं यंत्र. स्टीम हे त्याच कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान. पुढच्या पिढीच्या, म्हणजे स्टीम डेक २ ची तारीख व्हॉल्व्हने जाहीर केलेली नाही. यूट्यूबवरच्या तारखा आणि 'लीक' फोटो बाजूला ठेवले, की उरतं ते कंपनीच्याच माणसांनी सांगितलेलं. दरवर्षी नवं मॉडेल काढणार नाही, हे त्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. २०२५ च्या नोव्हेंबरात पुढचं सांगितलं: बॅटरी तेवढीच टिकवून वेग २०, ३०, अगदी ५० टक्क्यांनी वाढला तरी तेवढ्यासाठी नवा डेक काढण्यात रस नाही. थोडक्यात, हवी तशी चिप येईपर्यंत डेक २ नाही.

चिप का अडली आहे, ते वॅटच्या हिशेबात दिसतं. ओएलईडी डेकची (पडद्यावरून नाव; जुना प्रकार एलसीडीचा) बॅटरी ५० वॅट-तासांची. जड गेममध्ये चिप १५ वॅट खाते. त्यात पडदा, पंखा, वायफाय धरलं तर यंत्र २० ते २५ वॅट ओढतं आणि दोन-अडीच तासांत बसतं. आजच्या नव्या चिपा २५-३० वॅट दिले की डेकला सहज मागे टाकतात, पण १५ वॅटवर आणल्या की अंतर बरंच आटतं. वेग हवा तर बॅटरी मोठी लागते आणि बॅटरी वाढली की वजन वाढतं. असूसच्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅली एक्स या डेकच्या स्पर्धक यंत्रात ८० वॅट-तासांची बॅटरी आहे, पण वजन ७१५ ग्रॅम. ओएलईडी डेक ६४० ग्रॅमचा. त्याच घरातल्या साध्या एक्सबॉक्स अ‍ॅलीची गंमत तर वेगळीच. ती आली ऑक्टोबर २०२५ मध्ये, पण आतली झेड२ ए चिप झेन २ आणि आरडीएनए २ या एएमडीच्या जुन्या रचनांचीच, म्हणजे २०२२ च्या डेकच्या घराण्यातली.

थांबलं तर स्वस्त मिळेल, ही आशाही सोडा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत आणि या यंत्रांत १६ ते २४ जीबी मेमरी लागते.

मग घ्यायचं काय? डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, तो आयात केलेला डबाच असतो. व्हॉल्व्हची वॉरंटी इथे चालत नाही. दुकानदार देईल तीच वॉरंटी, म्हणून ती बिलावर लिहून घ्या. अ‍ॅली मात्र भारतात रीतसर मिळते, बिल आणि कंपनीच्या सर्व्हिससकट. बाजारात आली तेव्हा साधीची किंमत ६९,९९० रुपये होती, एक्सची १,१४,९९०. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार्जिंग पोर्ट बदलून देणारा हात सापडेल, पण डेकची स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) किंवा पडदा बाहेरूनच मागवावा लागेल. त्यातही एलसीडी डेकच्या स्टिकचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. आतलं लेबल न पाहता ऑर्डर केली तर चुकीची येते.

गेमचा प्रश्न लवकर आटपतो. बीजीएमआय हा मोबाइलचा गेम आहे, त्यासाठी यातलं काहीच घेऊ नका. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि जीटीए ऑनलाइन डेकच्या स्टीमओएसवर (लिनक्सवर बेतलेली, डेकची ऑपरेटिंग सिस्टीम) चालत नाहीत, कारण त्यांचं अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला आत येऊ देत नाही. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा चालते. अ‍ॅलीवर विंडोज असल्याने ही अडचण येत नाही. पण गेम मधेच थांबवून बटण दाबायचं, दोन दिवसांनी उघडायचं आणि तिथूनच पुढे खेळायचं, ही सोय स्टीमओएसवर जितकी भरवशाची आहे तितकी विंडोजवर नाही.

आमचं मत असं: मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचं असेल, किंवा घरच्यांना बिल आणि वॉरंटी दाखवायची असेल, तर अ‍ॅली घ्या. स्टीमवर आधीच गेम घेतलेले असतील आणि एकट्यानेच खेळायचं असेल, तर ओएलईडी डेक. डेक २ साठी थांबायचं ते फक्त आधीच डेक असलेल्यांनी.

आता उन्हाचं. व्हॉल्व्हने डेकसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश दिलं आहे. भुसावळ-जळगावात आखाजीपासून मृगापर्यंत दुपारी सावलीतही पारा ४२-४४ वर असतो. चिप १०० अंशांवर पोचली की स्वतःचा वेग कमी करते, १०५ वर यंत्र बंद पडतं. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळजवळ तितकीच तापते. मग पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहतो आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणारा गेम ४० पर्यंतही घसरू शकतो. यात यंत्र बिघडलेलं नसतं.

मे महिन्यात हवा कोरडी असल्याने कूलरच्या खोलीत पारा ३० च्या आसपास उतरतो, तिथे डेक निवांत चालतो. जूनच्या सुरुवातीला हवेत दमटपणा आला की तोच कूलर निकामी होतो. तेव्हा पहाटे किंवा रात्री खेळा. कूलरच्या थेट झोतात मात्र बसू नका, ओल्या जाळीचे थेंब उडतात. डेक हवा मागून ओढतो आणि वरून फेकतो, म्हणून गादीवर टेकवला की श्वासच कोंडतो. तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये टीडीपी (चिपला मिळणारी वीज) ८ ते १० वॅटवर बांधा आणि फ्रेम ४५ वर ठेवा. ओएलईडीचा पडदा ९० हर्ट्झचा असल्याने ४५ फ्रेम गुळगुळीत दिसतात, आणि बॅटरीही जास्त वेळ टिकते. चार्जिंगला लावून खेळणार असाल तर सेटिंग्जमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवा, कारण भरलेली बॅटरी उकाड्यात लवकर थकते.

जिनिंगच्या हंगामात कापसाची बारीक फुई मागच्या जाळीवर बसते. यंत्र बंद करून कॅमेऱ्याच्या हातपंपाने उडवा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नको. पंखा बेफाम फिरून त्याचं बेअरिंग जातं.

जळगाव ते मुंबई म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर, सात-आठ तास. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत बऱ्याच गाड्यांत चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात. पॉवर बँक ४५ वॅट पीडी (यूएसबी-सीवरचं जलद चार्जिंग) देणारी हवी. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. वाटेतली गळती जाऊन ओएलईडी डेक एकदा पूर्ण भरतो. मोबाइलची १८ वॅटची लावली तर पडद्यावर चार्जर मंद असल्याची सूचना येते आणि जड गेममध्ये बॅटरी उतरतच राहते.

जुना डेक घेत असाल तर घाई करू नका. ओएलईडीचं पॉवर बटण केशरी असतं. ते काळं दिसलं तर समोर एलसीडी आहे, विकणारा काहीही म्हणो. पॉवर बटण धरून डेस्कटॉप मोडमध्ये जा. तिथे इन्फो सेंटरच्या एनर्जी भागात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. ५० ची ४० झाली असेल तर भाव तसा करा. कंट्रोलरच्या चाचणीत स्टिक सोडून द्या आणि ठिपका मधोमध स्थिर राहतो का बघा. जड गेम वीस मिनिटं चालवा. फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोरच करून घ्या. आणि एसएसडी (गेम साठवायची आतली डिस्क) वाढवायला नंतर कधी उघडलात, तर २२३० मापाचीच (२२ बाय ३० मिलिमीटर) आणा, आणि पहिला स्क्रू सोडण्याआधी मेमरी कार्ड बाहेर काढा. ते आत राहिलं तर मागचं झाकण ओढताना मधून मोडतं.